साडेअकरा पौंडांची परतफेड

कुणी कामं आवरून रेडिओपाशी बसल्या असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज आपण हिशोबाबद्दलच बोलणार आहोत, पण गटाच्या नाही. एका माणसाच्या परदेशी शिक्षणाचा हिशोब मांडायचा आहे. शिकायला पैसे कुणी दिले, शिक्षण चालू असताना घर कुणी सांभाळलं, आणि त्या शिक्षणाची परतफेड कुठं झाली, हे बघू. त्यातला एक मोठा हप्ता आपल्याच छत्रपती संभाजीनगरात जमा झाला आहे. म्हणून हा हिशोब आपलाही आहे.

हा विषय काढायला कारण आहे. गेल्या काही वर्षांत गटांच्या बैठकीत नवी बोलणी कानावर येतात. कुणाचा भाचा जर्मनीला शिकायला निघालाय, कुणाच्या जावेच्या मुलीनं इंग्लंडच्या विद्यापीठात अर्ज केलाय. मुलगा असला की बायका म्हणतात, "गेला तो गेला, गावाला त्याचा काय उपयोग?" मुलगी असली की बोलणं आणखी कडक होतं. "एवढा पैसा पोरीवर घालायचा, आणि उद्या ती जाणार परक्या घरी." ही बोलणी हसून सोडून देण्यासारखी नाहीत. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू आणि एक म्हैस आहे, त्या घरानं खर्च करण्याआधी विचारलंच पाहिजे की याचं पुढं काय होणार. आम्हाला वाटतं, याचं उत्तर इतिहासात चांगलं सापडतं.

आधी थोडं मागं जाऊ. महाराष्ट्रातून परदेशी शिकायला गेलेल्या पहिल्या काही नावांत बायका ठळक आहेत. आनंदीबाई जोशी यांचं लग्न नवव्या वर्षी झालं. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि ते थोड्याच दिवसांत गेलं. बायकांवर उपचार करायला बाई डॉक्टर हवी, हे त्यांनी मनाशी धरलं. १८८३ साली, अठरा वर्षांच्या असताना, त्या कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाल्या. तिथं कार्पेंटर नावाच्या एका अमेरिकन बाईंनी त्यांना आपल्या घरी लेकीसारखं ठेवून घेतलं. मार्च १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांची नेमणूकही झाली होती. पण क्षयानं त्यांना गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

कुणी म्हणेल, मग एवढं शिकून काय झालं? एकाही रुग्णाला हात लावता आला नाही. पण दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, मुंबईच्या रखमाबाई वैद्यकी शिकायला लंडनला निघाल्या. या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावलेलं होतं. मोठं झाल्यावर त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत, म्हणून नवऱ्यानं कोर्टात दावा लावला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल १८८७ साली लागला. तुरुंग पत्करते, असं त्या म्हणाल्या. पुढं पैसे देऊन तडजोड झाली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉक्टर एडिथ पेची आणि इतरांनी त्यांच्या शिक्षणासाठी मदत उभी केली. रखमाबाई डॉक्टर होऊन परत आल्या आणि सुरत, राजकोट इथं बायकांच्या दवाखान्यांत सुमारे पस्तीस वर्षं त्यांनी काम केलं. किती बाळंतपणं त्यांच्या हातून सुखरूप झाली असतील, याचा विचार करा.

आनंदीबाईंच्या शिक्षणातून हाती काही लागलं नाही असं वरवर दिसतं, पण बाई समुद्र ओलांडून डॉक्टर होऊ शकते, हे त्यांच्यामुळं लोकांना डोळ्यांनी दिसलं. गटात पहिली बाई कर्ज घेऊन शेळी आणते तेव्हा बाकीच्या नुसत्या बघत असतात. ती शेळी दगावली तरी दुसरी बाई पुढच्या महिन्यात अर्ज करते, कारण बँकेचा दरवाजा कुठं आहे ते आता माहीत झालेलं असतं.

आता आपल्या मुख्य हिशोबाकडं येऊ. हा हिशोब आहे भीमराव रामजी आंबेडकर यांचा.

भीमराव १९१२ च्या सुमाराला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. घरची परिस्थिती बेताची, वडील रामजी सुभेदार निवृत्त झालेले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी भीमरावांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. अट अशी होती की शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची.

पैसे देणारा माणूस कोण होता, तेही ऐका. सयाजीराव जन्मानं राजवाड्यातले नव्हते. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं कवळाणे हे त्यांचं गाव. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा बाराव्या वर्षी दत्तक म्हणून बडोद्याला गेला, आणि अक्षरओळख त्याला तिथं झाली. उशिरा शिकलेल्या या राजानं १९०६ साली आपल्या संस्थानात मुलामुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ज्याला शिकणं उशिरा मिळालं, त्यानं दुसऱ्याला शिकायला पैसे दिले. आपल्या गटांतही आपण हे बघतो. स्वतः अंगठा देणारी आजी नातीच्या फीसाठी सगळ्यात आधी हात वर करते.

१९१३ च्या जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. जॉन ड्युई आणि एडविन सेलिग्मन यांच्यासारखे शिक्षक त्यांना मिळाले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. पण पदवीच्या कागदापेक्षा तिथं त्यांना जे मिळालं ते वेगळं होतं. तिथं त्यांना कुणी पाण्यापासून लांब उभं केलं नाही, वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसवलं नाही. पुढं आपल्या आठवणींत त्यांनी लिहून ठेवलं आहे की परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. माणूस म्हणून मोकळं वावरायची सवय एकदा लागली की पुन्हा वाकून चालणं जमत नाही. बाहेर शिकायला गेल्यानं माणसात जो बदल होतो, तो असा आतून होतो.

आणि तिथं त्यांनी काय अभ्यासलं? मे १९१६ मध्ये, पंचवीस वर्षांचे असताना, त्यांनी कोलंबियात जातींवर एक निबंध वाचला. त्यात त्यांनी दाखवून दिलं की जात टिकते ती लग्न जातीतच करण्याच्या नियमावर, आणि तो नियम टिकवायला बाईवर बंधनं घातली गेली. सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींची लहानपणीच लग्नं या तिन्ही चालींचं मूळ त्यांनी तिथं शोधलं. हजारो कोस दूर ग्रंथालयात बसलेला हा तरुण विचार करत होता तो आपल्या घराघरातल्या बाईचा. न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रातही त्यांनी सांगितलं होतं की मुलांबरोबर मुलींना शिकवलं तरच आपली प्रगती लवकर होईल. ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. काही घरांत ती अजून पोचायची आहे.

मैत्रिणींनो, इथं थोडं थांबू. कर्जाच्या रजिस्टरात सही कर्जदाराची असते, पण हप्ता भरण्यासाठी पोटाला चिमटा घेणारी माणसं रजिस्टरात नसतात. या हिशोबातही असंच एक नाव आहे, रमाबाईंचं.

रमाबाईंचा जन्म दापोलीजवळच्या वणंद गावचा. पती अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांचं वय पंधराच्या आसपास होतं आणि पदरात काही महिन्यांचा यशवंत होता. साडेअकरा पौंड न्यूयॉर्कला पोचत होते. परळच्या चाळीतलं घर चालवायचं होतं ते काटकसरीनं आणि कष्टानं. रमाबाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, असं आजही घरोघरी सांगितलं जातं. पुढं १९२० मध्ये पती दुसऱ्यांदा लंडनला गेले, तेव्हाही घर त्यांच्याच खांद्यावर होतं. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले, बाकीची चार लहानपणीच गेली. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या. तेव्हा त्या चाळिशीच्याही नव्हत्या.

बाबासाहेब हे विसरले नव्हते. १९४० साली निघालेलं पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केलं, आणि अर्पणपत्रिकेत त्यांच्या सोसण्याची नोंद केली. एका घरातून एक माणूस बाहेर शिकायला जातो तेव्हा मागं राहिलेली बाईही त्या शिक्षणात भागीदार असते. तिचा हप्ता पैशात मोजता येत नाही, म्हणून तो मोजायचाच नाही असं होऊ नये.

आता परतफेडीकडं. कोलंबियानंतर भीमराव लंडनला शिकायला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. करार पाळायला ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. पण अमेरिकेत शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला त्या शहरात राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा जण लाठ्या घेऊन आले आणि त्यांना तिथून घालवून दिलं. ओळखीच्या दोघांना विचारलं, दोघांनीही टाळलं. दिवसभर एका बागेत बसून रात्रीच्या गाडीनं ते मुंबईला परतले. दहा वर्षांचा करार असा मोडला. कर्ज घेणारा परत फेडायला तयार होता, त्याला उभं राहायला जागा द्यायला शहर तयार नव्हतं.

त्यांनी शिक्षण मात्र सोडलं नाही. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि नवल भथेना या मित्रानं उसने पैसे दिले. हा मित्र पारशीच होता, हे मुद्दाम सांगतो. एका जागेचा अनुभव साऱ्या समाजाच्या माथी मारायचा नसतो. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन, अर्थशास्त्रातली मोठी पदवी पूर्ण करून परतले.

आता आपल्या भागातली एक गोष्ट, जी फार जणींना माहीत नसते. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. प्रवासाची धूळ होती, म्हणून किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदाच्या पाण्यानं काहींनी हातपाय धुतले. लगेच जमाव जमला. यांनी हौद बाटवला, असा गलका झाला, शिवीगाळ झाली. अखेर किल्ल्यात कुठंही पाण्याला हात लावणार नाही या अटीवर त्यांना आत सोडलं, आणि सोबत हत्यारबंद शिपाई दिला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

तेव्हा त्यांच्याकडं अमेरिकेची आणि इंग्लंडची पदवी होती. ते बॅरिस्टर होते. लंडनच्या गोलमेज परिषदेत बसून आले होते. तरी दौलताबादच्या हौदापाशी त्या पदव्या चालल्या नाहीत. आम्हाला या साऱ्या इतिहासातली सर्वात मोठी शिकवण इथं दिसते. एकट्या माणसानं कितीही शिकलं, कितीही मोठं झालं, तरी गावचा हौद जोवर तोच आहे तोवर त्याची तहान गावात भागत नाही. शिक्षण एका नावावर राहिलं तर ते त्या नावापुरतंच मोठं असतं. ते दहा जणांत, हजार जणांत वाटलं गेलं तरच गाव बदलतं.

बाबासाहेबांनी ते आधीपासूनच वाटायला सुरुवात केली होती. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात, कामगार बाईला बाळंतपणाची रजा आणि त्या काळात पैसे मिळावेत या विधेयकाच्या बाजूनं ते बोलले. तो कायदा १९२९ मध्ये झाला. आज आपल्या लेकीसुनांना नोकरीत बाळंतपणाची रजा मिळते, तिची मुळं त्या काळापर्यंत जातात. ते व्हाइसरॉयच्या मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज आज आपण भरतो, त्याची ती सुरुवात. ज्या माणसाचं शिक्षण एका राजाच्या मर्जीवर झालं, त्याच्या काळात शिष्यवृत्ती हा सरकारचा नियम झाला. मर्जी बदलू शकते. नियम असला की गरीब आई खिडकीपाशी जाऊन हक्कानं विचारू शकते.

आणि मग हप्ता आला आपल्याकडं.

१९५० पूर्वीचा मराठवाडा आठवा. निजामाचं राज्य होतं. कॉलेजचं शिक्षण उर्दूतून. औरंगाबादला इंटरपर्यंत शिकता यायचं, पुढची पदवी हवी तर हैदराबाद गाठायचं. शेतकऱ्याच्या, मजुराच्या मुलाला हैदराबाद म्हणजे परदेशच होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झालं. पुढच्या दोन वर्षांच्या आत, जून १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं. ही सोसायटी त्यांनी १९४५ मध्ये काढली होती, आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं होतं. मुंबईत कॉलेजं बरीच होती. मराठवाड्यात मात्र त्यांची खरी टंचाई होती.

१ सप्टेंबर १९५१ रोजी या कॉलेजच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. त्याच महिन्याच्या अखेरीस बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल, म्हणजे बाईला वारसा, घटस्फोट असे हक्क देणारा कायदा पुढं रेटला जात नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. पुढं त्या बिलाचे भाग वेगवेगळ्या कायद्यांनी मंजूर झाले आणि मुलीला वडिलांच्या मिळकतीत हिस्सा मिळू लागला. सातबारावर बहिणीचं नाव लागतं तेव्हा हे आठवावं.

या कॉलेजचं नाव पुढं मिलिंद महाविद्यालय झालं आणि भोवतालच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. ही नावं उगाच ठेवलेली नाहीत. मिलिंद हा ग्रीक राजा होता, मोठा वादपटू. नागसेन नावाच्या भिक्खूला त्यानं प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि उत्तरं पटली तेव्हा हार मान्य केली. मिलिंद हे नाव म्हणजे मोकळेपणानं प्रश्न विचारणं आणि पटलं तर मान्य करणं. कोलंबियाच्या वर्गात बाबासाहेबांना जे मिळालं होतं, तेच त्यांनी नागसेनवनात पेरलं. दौलताबादचा तो हौद इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. सोळा वर्षांपूर्वी ज्यांना पाण्याला हात लावू दिला नव्हता, त्यांनी त्याच मुलखात ज्ञानाचा पाणवठा बांधला आणि तो सगळ्या जातीधर्मांच्या मुलांना खुला ठेवला.

म. भि. चिटणीस यांच्यासारखे प्राचार्य मिलिंदला लाभले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, पत्र्याची पेटी घेऊन आलेली मुलं वसतिगृहात राहून शिकली. त्यांतले कितीतरी शिक्षक झाले, वकील झाले, अधिकारी झाले, लेखक झाले. मिलिंदमध्ये शिकवलेल्या गंगाधर पानतावणे यांनी याच शहरातून 'अस्मितादर्श' हे नियतकालिक चालवलं आणि दलित साहित्याला हक्काचं पान मिळालं. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव मिळायला मात्र मोठा आणि वेदना देणारा लढा द्यावा लागला. १९७८ मध्ये विधिमंडळात ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत घरं जळली, माणसं गेली. शिक्षणाचा हक्क कागदावर मिळाला तरी तो मनात रुजायला किती दिवस लागतात, हे आपल्या मराठवाड्यानं जवळून पाहिलं आहे.

तर हा झाला हिशोब. नावे बाजूला साडेअकरा पौंड, एका बाईचं सोसणं, मित्रांची उसनवारी. जमा बाजूला वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, कायदे आणि आपल्या शहरातलं एक कॉलेज, ज्यातून हजारो घरांत पहिला पदवीधर गेला. बडोद्याची दहा वर्षांची नोकरी झाली नाही, पण कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या लेकानं दिलेल्या पैशाची परतफेड पिढ्यान् पिढ्या चालू आहे.

आज आपल्या घरातलं लेकरू बाहेर जायचं म्हणतं तेव्हा यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, आधी शिष्यवृत्ती शोधायची, मग कर्ज. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मराठा, कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि तिला नाव कुणाचं आहे? सयाजीराव गायकवाडांचं. इतर समाजांसाठीही योजना आहेत. अटी आणि तारखा दरवर्षी नीट वाचाव्या लागतात. समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारायचं, कॉलेजच्या प्राध्यापकांना विचारायचं. गल्लीतला कुणी एजंट आधी रोख पैसे मागत असेल तर गटात बोलल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. जमीन गहाण टाकायची वेळ आली तर घरातल्या बाईनं कागद वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही.

दुसरी गोष्ट, गटाचं कर्ज लाखांच्या फीला पुरणार नाही, आणि त्यासाठी घेऊही नये. पण पासपोर्ट, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, इंग्रजीच्या परीक्षेची फी, एवढ्यासाठी अडलेलं लेकरू गटाच्या छोट्या कर्जानं पुढं सरकतं. अनेक हुशार मुलींचं शिक्षण याच पहिल्या पायरीवर थांबतं, कारण भावासाठी निघणारे पाच-दहा हजार तिच्यासाठी निघत नाहीत.

तिसरी गोष्ट, मागं राहणाऱ्या बाईची. मुलगा किंवा नवरा बाहेर शिकायला गेला तर म्हातारी माणसं, जनावरं, बारकी पोरं, सगळं एकीच्या अंगावर येतं. तिला दवाखान्याला पैसे लागले, तिला माहेरी चार दिवस जायचं असलं, तर त्याची सोय आधीच ठरवा. तिचं शिकायचं वय असेल तर तिचं शिक्षणही चालू ठेवा. रमाबाईंनी सोसलं म्हणून आपण त्यांना आई म्हणतो. पण आणखी एका रमाबाईला तेवढं सोसायला लागू नये, हे बघणं आपल्या हातात आहे.

आणि शेवटची गोष्ट, जाणाऱ्या लेकराशी मोकळं बोलायची. परतफेड म्हणजे गावातच परत येऊन राहिलं पाहिजे असं नाही. पण त्याच्या शिकण्यातून गावातल्या दुसऱ्या कुणाचा रस्ता सोपा झाला पाहिजे, एवढं त्याच्याकडून मागायचा आपल्याला हक्क आहे. अर्ज कसा भरला हे पुढच्या मुलीला फोनवर समजावलं, शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं दिली, सुट्टीत येऊन मुलांशी बोललं, तरी तो हप्ताच आहे. आपल्या गटात आपण म्हणतोच, एकीचा हप्ता वेळेवर आला की दुसरीच्या कर्जाची वाट मोकळी होते.

येत्या बैठकीत अजेंड्यावर एक विषय जास्तीचा घ्या. आपल्या गावात बारावीच्या पुढं शिकणाऱ्या मुली किती, आणि त्यांतली कुणी कशासाठी अडली आहे का, याची यादी करा. बाहेर गावी जायचं असो की बाहेर देशी, यादीत नाव आल्याशिवाय मदत पोचत नाही. यादी झाली की ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन या, पुढचं तिथं ठरवू.